केसरकाकीचे यजमान

रत्नप्रभा बोलायला लागली की पाटाला पाणी सुटल्यासारखं वाटायचं. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यातल्या तिच्या माहेरी, निंदणीच्या दिवसांत बायका तिला मुद्दाम आपल्या ओळीत ओढून घ्यायच्या. "तू हात चालवू नको वं, तोंड चालव. तुझं तण आम्ही काढतो," म्हणायच्या. मग रत्नप्रभा राणीची गोष्ट सांगायची, राक्षसाची सांगायची, कधी शेजारच्या गावातल्या भांडणाची, तिखटमीठ लावून. केळीच्या बागेत सावली हलायची, विळे थांबायचे, आणि मुकादम ओरडला की सगळ्या एकदम खाली वाकायच्या. शाळा दहावीपर्यंतच झाली होती. पण शब्द कुठे ठेवला म्हणजे वाजतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि शिकवावं लागलंही नाही.

लग्न झालं ते उमाकांत नेहेत्यांशी. ते भुसावळला रेल्वेच्या लेखा विभागात. मितभाषी माणूस, पण बोलले तर नेम धरून. जयपूरला रेल्वेचं नवं मुख्यालय झालं तेव्हा त्यांनी तिकडचा पर्याय दिला, बढती मिळाली, आणि सगळं बिऱ्हाड गणपती नगरच्या रेल्वे कॉलनीत आलं. रत्नप्रभाला वाटलं, झालं, आता आपलं तोंड बंद. केळीच्या मुलखातल्या बाईची बोली या वाळूच्या गावात कोण ऐकणार?

पण ती गप्प बसणारी नव्हती. गच्चीवर पापड वाळवताना शेजारणींची हिंदी तिने उचलली. त्यांच्या लग्नातली गाणी, रुसवेफुगवे, सासवांना नावं ठेवणं, सगळं उचललं. तिची हिंदी मराठी पायांनी चालायची, पण ऐटीत चालायची. रेल्वेच्या हिंदी पंधरवड्यात कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी लेखनाची स्पर्धा निघाली, तेव्हा तिने माहेरच्या पाण्याच्या पाटावर लिहून दिलं आणि पहिला नंबर काढला. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्या होत्या मीनाक्षी भार्गव. जयपूरच्या सी-स्कीम भागात त्यांची जनसंपर्काची कंपनी होती. त्यांनी रत्नप्रभाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आप लिखती नहीं हैं, परोसती हैं."

त्या एका वाक्यावर रत्नप्रभा कितीतरी दिवस तरंगत होती.

*

मीनाक्षी मॅडमचं ऑफिस एका बँकेच्या वर होतं. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर मोठमोठ्या गिऱ्हाइकांची बोधचिन्हं. मॅडमनी चहा मागवला आणि काम समजावून सांगितलं. जाहिरातीवर आता कोणी विश्वास ठेवत नाही. वर्तमानपत्रावर अर्धे लोक ठेवतात. पण शेजारणीने सांगितलं की लोक डोळे मिटून मानतात.

"हमें एक पड़ोसन चाहिए, रत्नाजी," मॅडम म्हणाल्या. "वो आप बनाएँगी."

गिऱ्हाईक होतं एक आवळ्याच्या मुरंब्याची कंपनी. जयपूरजवळच्या चौमूंकडे आवळा चांगला होतो, म्हणून कंपनीला चौमूंचं नाव हवं होतं. मग चौमूंची शेजारीण जन्माला घालायची. इंटरनेटवर तिचा ब्लॉग. त्यात तिने घरगुती गोष्टी लिहायच्या, स्वयंपाकाचं सांगायचं, आणि अधूनमधून, सहज बोलता बोलता, त्या मुरंब्याचं नाव घ्यायचं. कंपनीचा संबंध कुठे दिसता कामा नये. ही दोन हजार सातची गोष्ट. त्या सुमाराला हिंदीत ब्लॉग लिहिणारे एकमेकांना नावाने ओळखत, इतके थोडे होते.

रत्नप्रभाने चौमूं पाहिलं होतं ते सीकरला जाणाऱ्या बसच्या खिडकीतून. तेवढं तिला पुरलं. तिने केसरकाकी घडवली. काकीचं चौकाचं घर, काकीची धाकटी सून जी कधी मीठ घालायची विसरते, काकीची म्हैस जी फक्त काकीलाच धार काढू देते. लेक निशिगंधा कॉलेजात जायची, तिच्यासाठी घरात कॉम्प्युटर घेतलेला होता. तिने आईला देवनागरी टाइप करायला शिकवलं. स्वयंपाकाची कृती मात्र रत्नप्रभा खरी द्यायची. आईच्या हातचा मोरावळा, आजीचं लोणचं, नावं बदलून सगळं काकीच्या नावावर.

आणि काकी चालली! कोलकात्याहून, इंदूरहून, थेट दुबईहून मारवाडी लेकीसुना लिहायला लागल्या. "काकीसा, पगे लागूं. आपको पढ़कर माँ की याद आती है." निशिगंधा मोठ्याने वाचून दाखवायची आणि रत्नप्रभा पोळी तव्यावर ठेवून ऐकत राहायची.

"आई, जळली!"

"जळू दे. परत वाच."

एकच सल होता. हे कोणाला सांगता येत नव्हतं. हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायका जमायच्या, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणी कुठे फ्लॅट घेतला, सगळं निघायचं. रत्नप्रभाच्या ओठापर्यंत यायचं, आणि ती तिळाचा लाडू तोंडात टाकायची.

त्या वाचणाऱ्या बायकांत एक होती गिरिजा सैनी. ती खरोखरच चौमूंची. नवऱ्याचं बसस्टँडजवळ वह्यापुस्तकांचं दुकान होतं, त्यात एक कॉम्प्युटर. दुपारी दुकानात शुकशुकाट असला की गिरिजा काकीला वाचायची. पहिल्यांदा तिने लिहिलं, "काकीसा, हम तो एक ही गाँव के निकले! आपकी गली कौन सी है? मिलने आऊँगी." रत्नप्रभाने ते दोनदा वाचून पाहिलं. मग तिला एक गोड उत्तर सुचलं. तिने काकीच्या नावाने लिहिलं, "बेटी, तेरे मन के पास वाली गली."

सगळ्यांना ते फार आवडलं. दुबईच्या एका बाईने तर तीन-तीन फुलांची चित्रं टाकली. गिरिजाने मात्र पुढच्या वेळी पुन्हा विचारलं, "काकीसा, मज़ाक नहीं. गली बताइए ना. ससुर जी का जी ठीक नहीं रहता, आपसे हाथ का मुरब्बा सीखना है." रत्नप्रभाने ते तसंच सोडलं आणि दुबईच्या बाईला उत्तर लिहिलं.

*

हिवाळा आला. आवळ्याचा मोसम, म्हणून मॅडमनी सांगितलं, आता जोर लावा. नव्या वर्षापासून ऑफिसात कायमची खुर्ची तुमची. रत्नप्रभाच्या माहेरच्या सात गावांत कोणी बाई ऑफिसच्या खुर्चीवर बसली नव्हती. तिने जीव ओतून लिहिलं. काकी सकाळी उन्हात बसली आहे, सून बरणी उघडते आहे, वास सुटला आहे, आणि आत माजघरातून खोकत खोकत काका बाहेर येतात. "मेरे यजमान को तो मुरब्बे का नाम सुनते ही भूख लग जाती है."

यजमान. रत्नप्रभाची आई आयुष्यभर नवऱ्याचं नाव न घेता "आमचे यजमान" म्हणत आली. रत्नप्रभाही परक्या माणसासमोर तेच म्हणायची. तो शब्द तिला एवढा जवळचा होता की तो मराठी आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही. आणि हिंदीत तो शब्द आहेच, फक्त तिथे यजमान म्हणजे ज्याच्या घरी भटजी पूजा सांगायला जातो तो.

पहिली विचारणा गिरिजाची. "काकीसा, ये यजमान कौन हैं? घर में पूजा थी क्या?"

दुसऱ्याने लिहिलं, "काकी पंडिताइन हैं और काका उनके ग्राहक!"

तिसऱ्या बाईने, भोपाळच्या, सरळ लिहिलं, "मेरी पड़ोसन महाराष्ट्र की है. वो अपने पति को यजमान कहती है. चौमूं में कोई नहीं कहता. ये काकी चौमूं की नहीं है."

मग वारूळ फुटावं तसं झालं. कोणीतरी काकीच्या स्वयंपाकघराचा फोटो शोधून काढला, तो कंपनीच्या जाहिरातीतलाच होता. कोणी म्हणालं, काकी म्हणजे कोणी मिशीवाला माणूस असणार. दुसऱ्या ब्लॉगवाल्यांनी आपापल्या जागी लिहिलं. फर्जी काकी, फर्जी मुरब्बा. निशिगंधा वाचता वाचता थांबली.

"आई, मतलब... पुढचं नको ऐकूस."

"वाच."

पुढचं गिरिजाचं होतं. शिवी नव्हती, थट्टा नव्हती. "मैंने घर में सबको बताया था कि काकीसा हमारे चौमूं की हैं. अब देवर हँस रहे हैं. आप हैं कौन?"

उमाकांत जेवायला बसले होते. त्यांनी आमटीचा भुरका मारला. "म्हणजे एवढं रामायण माझ्यामुळे झालं तर," ते म्हणाले. "आजपासून मला नवराच म्हण बाई. तो शब्द कुठे अडत नाही."

रत्नप्रभा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

*

मीनाक्षी मॅडम घाबरलेल्या नव्हत्या. असली वादळं त्यांनी पाहिली होती. "छोटी सी बात है. काका को पंडित बना दीजिए," त्या म्हणाल्या. "घरात यजमान यजमान ऐकून काकीच्या तोंडी बसलं. संपलं."

"मॅडम, पंडिताची बायको त्याच्या गिऱ्हाइकाचं नाव नवऱ्याला कशी देईल?" रत्नप्रभा म्हणाली. "तेही कोणीतरी पकडेल."

"मग म्हणा, काकीचं माहेर बऱ्हाणपूरचं. तिकडे मराठी बोलतात. ऑफिसातली मुलं आजच दहा-बारा नावांनी काकीच्या बाजूने लिहितील. त्या चौमूंच्या बाईचं लिहिलेलं काढून टाका. आठवड्याने कोणाच्या लक्षात राहात नाही."

बऱ्हाणपूरचं माहेर ही गोष्ट झकास होती. रत्नप्रभाच्या मनात ती तिथल्या तिथे उभी राहिली सुद्धा. तापीचा घाट, लहानगी केसर, मराठी शेजार, लग्न करून दूर राजस्थानात. चार ओळींत लोकांना रडवता आलं असतं. ते आपल्याला किती सहज जमेल हे पाहून ती दचकली.

तिला बागेतल्या त्या बायका आठवल्या. राणी नाही, राक्षस नाही, हे त्यांना ठाऊक असायचं. तरी त्या हसायच्या, पदराने डोळे पुसायच्या, आणि मुकादम ओरडला की परत तण उपटायच्या. गोष्ट सांगणारी आणि ऐकणारी, दोघी एकाच बाजूला बसलेल्या. गिरिजा तशी बसलेली नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की ही गोष्ट आहे. ती आपल्या आजारी सासऱ्यासाठी काकीची गल्ली शोधत होती.

"मॅडम, मी खरं काय ते लिहून टाकते," रत्नप्रभा म्हणाली. "तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले."

मॅडम पहिल्यांदा गंभीर झाल्या. मग त्यांनी समजावणीच्या सुरात विचारलं, "रत्नाजी, नाव खराब होईल ते आमचं, कंपनीचं. तुम्हाला तर तिथे कोणी ओळखतही नाही. तुमचं काय जातंय?"

"तेच तर, मॅडम. काकीला सगळी दुनिया ओळखते. मला माझं नाव अजून लावायचंय."

"ही खुर्ची जाईल."

रत्नप्रभाने त्या खुर्चीकडे पाहिलं. काळी, फिरणारी, पाठीला उंच. बसायला फार छान असणार. "हो," ती म्हणाली.

"घर जाइए, ठंडे दिमाग़ से सोचिए," मॅडम म्हणाल्या. ही बाई असलं काही करेल यावर त्यांचा विश्वासच बसला नाही. विश्वास कसा बसतो हे जन्मभर विकणाऱ्या बाईची इथे मात्र चूक झाली.

रत्नप्रभा घरी आली, पदर खोचला आणि कॉम्प्युटरपुढे बसली. तिने लिहिलं, "मैं केसर काकी नहीं हूँ. केसर काकी कोई नहीं है. मेरा नाम रत्नप्रभा उमाकांत नेहेते है." पुढे तिने सगळं सांगितलं. गाव कुठलं, राहणं कुठलं, हे लिहायला कोणी लावलं आणि का. चौमूं आपण फक्त बसमधून पाहिलंय. मुरंबा त्या कंपनीचा आपण कधी चाखलेलाही नाही. कृती मात्र आईच्या आहेत, त्या खुशाल करा. आणि शेवटी, "गिरिजा बेटी, मेरी कोई गली चौमूं में नहीं है. तूने दो बार पूछा, मैंने दोनों बार तुझे टाला. माफ़ी तुझसे पहले, बाक़ी सबसे बाद में."

खाली तिने क्वार्टरचा पत्ता दिला. निशिगंधा म्हणाली, "आई, पत्ता कोणी देतं का असा?"

"शेजारीण म्हणवून घेतलं ना? मग शेजारणीचं घर माहीत नको लोकांना?"

*

संध्याकाळपर्यंत मॅडमच्या माणसांनी सगळा ब्लॉग पुसून टाकला. पण तोवर इतरांनी तिचं लिहिणं उचलून आपापल्या जागी ठेवलं होतं. कंपनीने जाहीर केलं की आम्हाला यातलं काहीच माहीत नाही. वर्तमानपत्रवाले मॅडमच्या ऑफिसातून आलेला कागद पूर्वी जसाच्या तसा छापायचे. आता ते फोन करून विचारायला लागले, "हे तरी खरं आहे ना?" एकेक गिऱ्हाईक गळालं. पुढे त्या ऑफिसने नाव बदललं आणि जागाही.

रत्नप्रभालाही कोणी हार घातले नाहीत. कॉलनीतल्या बायकांना आता कळलं, आणि जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय केसरकाकी, म्हैस काय म्हणते?"

"तुमचीच आठवण काढते," रत्नप्रभा म्हणायची, आणि ताठ मानेने वर जायची.

तिने स्वतःच्या नावाने नवा ब्लॉग काढला. पहिल्याच दिवशी एकाने लिहिलं, "एक बार झूठ बोल चुकी हो, अब क्यों मानें?" प्रश्न रास्त होता. शपथा घेऊन त्याचं उत्तर होणार नव्हतं. तिने एक पद्धत पाडली. काहीही लिहिलं की वरच सांगायचं, हे मी केलेलं आहे, हे पाहिलेलं आहे, की नुसतं ऐकलेलं आहे. आणि मनची गोष्ट असेल तर सरळ लिहायचं, ही गोष्ट आहे.

"आई, मतलब हा तर एग्ज़ाम पेपर झाला," निशिगंधा म्हणाली.

वाचणारे फार थोडे. दुबईची बाई परत आली नाही. बराच काळ प्रत्येक लिखाणाखाली एकच माणूस न चुकता लिहायचा, "छान. — उमाकांत नेहेते, लेखा विभाग." ऑफिसचा जेवणाचा डबा उघडायच्या आधी ते हे काम उरकायचे. पण रत्नप्रभा लिहीत राहिली. जोहरी बाजारातल्या लाखेच्या बांगड्या करणाऱ्या बाईवर लिहिलं ते तिच्या भट्टीशेजारी बसून. रेल्वेच्या गँगमनच्या बायकोवर लिहिलं ते तिच्याबरोबर रुळांच्या कडेने चालून. वर ठळक अक्षरांत, पाहिलेलं. हळूहळू कोणी कोणी लिहायला लागलं. चूक दाखवणारेही आले. तिने चूक दुरुस्त करून, कोणी दाखवली त्याचं नाव खाली लिहायला सुरुवात केली.

पुढच्या हिवाळ्यात एके सकाळी दार वाजलं. बाहेर एक तरतरीत बाई, लाल ओढणी, हातात जड पिशवी.

"केसर काकी का घर यही है?"

रत्नप्रभाने ओढणीपासून पिशवीपर्यंत तिला न्याहाळलं. मग म्हणाली, "वो तो गुज़र गईं."

"कब?"

"पिछले जाड़े में."

"चलो, अच्छा हुआ. बहुत झूठी थी." बाईने पिशवी उंबऱ्यात ठेवली. पिशवीभर आवळे होते, टपोरे, तुकतुकीत, उन्हात पिवळे दिसणारे. "मैं गिरिजा. अपने बाग़ के हैं. आपका मुरब्बा मैंने बनाया था, माँ वाला. अच्छा है. पर हमारा उससे अच्छा है. यही बताने आई हूँ."

"मग दाखव," रत्नप्रभा मराठीत बोलून गेली, आणि गिरिजाला ते कळलं.

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. गिरिजा काट्याने आवळे टोचत होती, आणि रत्नप्रभाच्या टोचण्याला नावं ठेवत होती. "इतने ज़ोर से नहीं, बाई, आँवला है, दुश्मन नहीं." सासऱ्यांचं बोलणं निघालं. ते आता हिंडूफिरू लागले होते. दिरांचं निघालं. ते अजून हसतात. गिरिजाने वर्षभर नवा ब्लॉग वाचला होता, एक अक्षर न लिहिता. "देख रही थी," ती म्हणाली. "कितने दिन सच बोलती हो."

पाक मंद आचेवर ठेवून रत्नप्रभा कॉम्प्युटरपुढे बसली. "तुझी कृती लिहू का? नाव नको असेल तर 'चौमूंची एक बाई' म्हणते."

गिरिजाने हात पुसले. तिच्या गावात सुनेचं नाव लग्नपत्रिकेवरही नवऱ्याच्या मागे यायचं. इंटरनेटवर तर बायका फुलांची, देवतांची नावं घ्यायच्या. ती पडद्याजवळ आली.

"एक औरत क्यों? गिरिजा सैनी लिखो. और सास का नाम भी डालो, नुस्ख़ा उन्हीं का है, नहीं तो घर में घुसने नहीं देंगी."

रत्नप्रभाने दोन्ही नावं लिहिली. मग कृती लिहिली, मागे वळून विचारत विचारत. लिहून झाल्यावर म्हणाली, "पाठवू?"

"पहले पढ़कर सुनाओ."

रत्नप्रभाने वाचायला सुरुवात केली. तिच्या आवाजात पाक उकळला, वेलदोडा फुटला, बरणीवर फडकं बांधलं गेलं. मध्येच तिने लिहिलं होतं की सासूबाई बरणी देवापुढे ठेवून हात जोडतात.

"रुको," गिरिजा म्हणाली. "ये मैंने कब कहा?"

रत्नप्रभा ओशाळली. ते वाक्य वाजत होतं छान. तिने ते एकदा पाहिलं आणि पुसून टाकलं.

"आगे पढ़ो," गिरिजा म्हणाली, आणि पाटावर मांडी घालून ऐकायला बसली.